दव उतरायच्या आत

पहाटे ४.४५

चुलीत पऱ्हाटी पेटली. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच होते. सिलिंडर पुरवायचा असतो. मावशी परातीत पीठ मळते, थापते, तव्यावर टाकते, पाण्याचा हात फिरवते. सात भाकरी. तिच्या तीन, बाकीच्या घराला. शेंगदाण्याची चटणी डब्यात, कांदा तसाच. सगळं एका फडक्यात बांधलं.

मावशी साठीच्या अलीकडची. गाव लोहा तालुक्यातलं, नांदेड–लातूर रस्त्यापासून आत. फेब्रुवारी संपत आलाय. परवाच अमावास्या झाली, त्यामुळं बाहेर अजून काळोख. बॅटरी घेते. नातू झोपेत कण्हतो, दोन दिवस अंग तापलंय. सुनेला सांगते, "उठला की पेज दे. गोळी अर्धीच."

५.३५

विळा माळेगावच्या जत्रेतला. खंडोबाच्या या जत्रेत घोडे, गाढवं, उंट विकले जातात, पेपरात त्यांचेच फोटो येतात. बायका मात्र विळे, खुरपी, चाळण्या आणि सुपं घेऊन परततात. दीडशेला घेतला होता. लोहाराकडं पाणी द्यायला वीस रुपये. मोहरीला धार चांगली लागते. विळा बोथट असला तर झाड हिसकावं लागतं, आणि हिसकलं की दाणे गेले.

वाटेत तिघी मिळाल्या. एक चुलत जाऊ, एक नवी सून आणि विहाराकडची अक्का. बोलणं कमी. चपलांचा आवाज आणि एकीच्या फोनमधली बॅटरी.

६.०५

रान आबांचं. एकरभर मोहरी. निम्मी मागच्या आठवड्यात कापली, ती खळ्यावर वाळतेय. निम्मी उभी आहे, खांद्याइतकी. पानं झडून गेलीत. नुसते फाटे आणि शेंगा, तांबूस पिवळ्या. डिसेंबरात येळवशीच्या सणाला हीच पट्टी पिवळी धम्मक होती. कोपीपाशी भज्जी-आंबील खायला आलेले पाहुणे आधी मोहरीत उभे राहून फोटो काढत होते, असं जाऊबाई सांगते. आता इकडं कुणी फिरकत नाही.

मावशी कापायला लागत नाही. आधी बांधाकडून एक फेरी मारते. हातात खुरपं. पिवळा धोत्रा शोधते. काटेरी, निळसर पानाचा, मराठवाड्यातल्या प्रत्येक पडीक रानात आणि नदीच्या पात्रात असतो. कुणी पेरत नाही, कुणी खात नाही. फूल पिवळंच. मोहरीला चार पाकळ्या, याला सहा. मोडला की पिवळा चीक गळतो. बोंडात काळं बारीक बी, मोहरीएवढंच. चाळणीला दोन्ही सारखेच. हे बी तेलाच्या घाण्यात गेलं तर अंगावर सूज येते, हृदय निकामी होतं. १९९८ साली दिल्लीत असल्या भेसळीच्या मोहरीच्या तेलानं साठाहून जास्त माणसं मेली. मावशीला दिल्लीचं काही ठाऊक नाही. तिला एवढंच माहीत की धोत्रा मोहरीसोबत कापायचा नाही. पाच-सहा झाडं मुळासकट उपटली, बोंडं खाली करून बांधापलीकडं ठेवली. मग विळा हातात.

६.२५

प्रत्येकीला दोन तास, म्हणजे ओळी. डाव्या हातात तीन-चार झाडं एकत्र धरायची, बुडापासून वीतभर वर विळा ओढायचा, आणि धरलेलं हलवायचं नाही. खाली टाकायचं नाही, ठेवायचं. शेंडे सगळे एका दिशेला. तीन-चार कवळ्यांची एक पेंढी. बांधायला मोहरीचंच एखादं लवचीक झाड.

घाई सगळी उन्हाच्या भीतीनं. रात्रीच्या गारव्यानं शेंग नरम पडते. ऊन चढलं की वाळते, उभ्या झाडावर तडकते, आणि दाणा जमिनीत जातो. ज्वारीचं कणीस पडलं तर वेचता येतं. हरभऱ्याचा सरवा गरीब घरं वर्षभर खातात. मोहरीचा सरवा नसतो. एका ग्रॅमला दोनशेच्या वर दाणे, ते काळ्या मातीत कोण वेचणार?

करडईचंही असंच होतं, आबा सांगतात. तीही पहाटेच कापायची, पण काट्यांसाठी. दवानं काटे मऊ व्हायचे. हाताला पोत्याचे तुकडे, पायाला पोत्याचे तुकडे, आणि माणसं रांगेत. लातूर-नांदेडकडं घरोघर ज्वारीत करडईचे तास असायचे, कोवळ्यापणी भाजी आणि पुढं वर्षाचं तेल. मग सोयाबीन आलं, त्याच्यामागं हरभरा. करडईला माणूस मिळेना. "पाचशे देतो म्हणलं तरी कुणी येत नाई," आबा म्हणतात. मोहरीला काटा नाही, म्हणून बायका येतात.

८.१०

आबांची बायको किटलीत चहा घेऊन आली. कुणी बसत नाही. उभ्यानंच, एका हातानं. नवी सून कप खाली ठेवायला वाकते, तेवढ्यात कमरेत उसण भरते. मावशी तिच्या पाठीवर एक बुक्की मारते. "चल. ऊन येऊलालंय."

आबा मोहरीकडं वळले ते हरभऱ्याला कंटाळून. या पट्टीत तीन वर्षं मर लागली. उरलेला हरणं खायची. मोहरीला हरणं तोंड लावतात आणि सोडून देतात, असा त्यांचा अनुभव. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की तिफण धरली. एकराला दोन किलो बी, वाळूत मिसळून, नाहीतर चाड्यातून मूठभर एकदमच सुटतं. दोन ओळींत दीड फूट अंतर. फुलात एक पाणी, शेंगा भरताना एक. जानेवारीत आभाळ आलं तेव्हा मावा पडला. शेंडे चिकट, काळे. निंबोळी अर्क फवारला. पुढं ढालकिडे आले आणि त्यांनीच निम्मं काम केलं.

पलीकडच्या शेतात पत्ताकोबी आहे. तिच्यात मधेमधे मोहरीच्या ओळी. ती कापायची नाही, ती किडीसाठी आहे. दर पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन, म्हणजे पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो. त्या ओळींवर औषध मारलं की झालं. त्या मोहरीला कुणी मोहरी म्हणतच नाही.

९.४०

पहिली तडतड ऐकू आली. मावशीनं मान वर केली. पुन्हा एकदा, तिच्या कोपराजवळ. तिनं विळा खाली घातला.

"थांबा गं."

दीड-दोन गुंठे उरलंय. आबा म्हणतात, तेवढं घ्या, अर्धा तास. मावशी नाही म्हणते. "अर्ध्या तासात किलो दोन किलो मातीत जातंय आबा. मोजा की." आबा एक शेंग चिमटीत धरतात. बोट लागताच ती उकलते आणि दाणे बोटांतून निसटतात. पुढं ते बोलले नाहीत. उरलेलं उद्या पहाटे ते आणि त्यांची बायको कापतील.

सकाळच्या पाळीचे दीडशे ठरलेत. वेळ थोडा, पण अंधारात निघावं लागतं म्हणून मावशीनं भांडून वाढवून घेतलेत. मागच्या साली सव्वाशे होते.

१०.१५

लिंबाखाली न्याहारी. फडकी सुटली. भाकरी, चटणी, कांदा. अक्काच्या डब्यात वांग्याची भाजी. आबांच्या घरून ताक.

मला पाल्याच्या भाजीचं विचारायचं होतं. मोहरीचा पाला खातात का? जाऊबाई नाक मुरडते. करडईचा खातात, मोहरीचा उग्र. मावशीचं मत वेगळं. कापणीत जे सांडतं ते पुढच्या पावसानंतर आपोआप उगवतं, बांधावर, तुरीत, खळ्याच्या कडेला. ती रानमोहरी मावशी कोवळी असतानाच खुडते. उकडायची, पिळून पाणी काढायचं, मग तुरीची डाळ आणि ठेचलेला लसूण. मालक तण म्हणून खुरपायला लावतो, बायका पदरात घेतात. निंदणीचा रोज मिळतो आणि भाजीही होते. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळं पंजाबची माणसं वर्षभर येत असतात. त्यांच्याकडं या पाल्याचं काय कौतुक चालतं ते ऐकून मावशी म्हणाली, "मग ते इथून नेत काहून नाईत?"

नव्या सुनेनं नातवाच्या तापाचं विचारलं. जाऊबाई लगेच म्हणाली, दृष्ट काढ. अमावास्येला पोरगं बाहेर होतं. मीठ, मोहरी, सात मिरच्या, दारातली माती. ओवाळायचं आणि चुलीत टाकायचं. मोहरी तडतडली आणि मिरचीचा ठसका आला नाही, तर नजर होती.

अक्का हसली. त्यांच्या घरी हे १९५६ नंतर बंद झालं. सासऱ्यानं दीक्षा घेतली आणि चुलीपुढचं ओवाळणं संपलं. सासू मात्र लपून करायची, तेही तिनं सांगितलं. मग म्हणाली, मोहरीची खरी गोष्ट आमच्याकडं हाय. पोर गेलेली एक बाई, किसा गोतमी. मेलेलं लेकरू घेऊन भगवंताकडं गेली. ते म्हणाले, मूठभर मोहरी आण, औषध करतो, पण ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातली. मोहरी दारोदार मिळाली. तसलं घर मिळालं नाही.

कुणी काही बोललं नाही. मग जाऊबाईनं विचारलं, "मग पोराचं काय झालं?"

"काय होणार? पुरलं."

मावशीनं ताकाचा गडवा पुढं केला. थोड्या वेळानं म्हणाली, गोळीही देते आणि मोहरीही ओवाळते. कशानं उतरलं ते पोराला काय करायचंय.

११.३०

खळं म्हणजे आता ताडपत्री. शेणानं सारवलेलं खळं मावशीनं लहानपणी केलंय, बैलांची पातही पाहिलीय. ज्वारीला मळणीयंत्र येतं. दोन-चार क्विंटल मोहरीसाठी यंत्रवाला फिरकत नाही, शिवाय चाळण्या बदलाव्या लागतात. म्हणून काठ्या.

आठवडाभर वाळलेल्या पेंढ्या ताडपत्रीवर पसरल्या. चौघी दोन बाजूंनी. काठी बाभळीची, मनगटाएवढी, टोकाला थोडी वाकडी. वरून मारायची नाही, आडवी मारायची, म्हणजे दाणा उडून ताडपत्रीबाहेर जात नाही. जोडीनं ताल धरला की हात कमी दुखतो. शेंगांचा भुरका उठतो, नाकात जातो, डोळ्यांत जातो. पदर तोंडाला. नव्या सुनेनं ओढणी बांधलीय आणि वर चष्मा घातलाय, उन्हाचा, तीस रुपयांचा. तिला हसतात. मग जाऊबाई तोच मागून घेते.

पेंढी उलटायची, पुन्हा मारायची, झटकायची, बाजूला. उरलेलं काड जळणाला. भुर्रकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं. पण आणायला पैसे पडत नाहीत, म्हणून संध्याकाळी प्रत्येकीच्या डोक्यावर एक भारा असणार आहे. गुरं याला तोंड लावत नाहीत.

१.३०

अर्धा तास आडवं. मावशी झोपत नाही. तळहात बघते. उजव्या हाताच्या करंगळीखाली फोड आलाय, फुटायच्या बेतात. चिंधी गुंडाळते. सुनेला फोन लावते. पोरानं पेज खाल्ली, ताप थोडा उतरलाय. "बघ," असं ती कुणाकडंच न बघता म्हणते.

२.१०

वारं सुटलं. आता उफणणी. दुपारचं वारं सरळ आणि हलकं येतं, मोहरीला तेवढंच लागतं. जोराचं असेल तर दाणाही नेतं. मावशी तिवड्यावर चढत नाही. ज्वारीला चढायचं. मोहरीला डोक्याइतकी उंची पुरते. सूप खांद्याशी धरून थोडं थोडं सोडते. भुसा चार हात लांब पडतो, दाणा पायाशी. रास होते, तांबडी-काळी, आणि पायाखाली सरकते.

मधे वारं पडलं. दहा मिनिटं सगळ्या हात थांबवून उभ्या. आबा टेबल फॅन आणू का म्हणाले. विजेचं वेळापत्रक या आठवड्यात रात्रीचं आहे. फॅन राहिला.

३.४०

दोन चाळण्या. पहिलीत शेंगांची टरफलं वर राहतात. दुसरीतून माती आणि फुटका दाणा खाली जातो. तरी खडे राहतातच, दाण्याएवढे. आता मावशीचं खरं काम.

सूप मांडीवर तिरकं धरते. वरच्या कडेला मूठभर मोहरी सोडते आणि सुपाला बोटानं टिचक्या मारत राहते. मोहरी गोल, ती घरंगळत खाली पाटीत जाते. खडा, ढेकूळ, मोडकं काड मागं राहतं. मागं राहिलेलं अंगठ्यानं बाजूला लोटते आणि पुढची मूठ घेते. तिरकेपणा जरा जास्त झाला तर खडाही घसरतो, कमी झाला तर मोहरी अडते. सगळा हिशेब मनगटात. नवी सून पाच मिनिटं प्रयत्न करते. तिच्या सुपातून सगळंच घसरतं. "दोन साल लागतेत," मावशी म्हणते.

एकदा थांबली. दोन दाणे तळहातावर घेतले. एक गुळगुळीत, तांबूस. दुसरा काळाकुट्ट, खरबरीत. धोत्रा. बांधावरची झाडं काढली तरी एखादं बोंड मागच्या आठवड्याच्या कापणीत आलेलं असणार. असा गोल दाणा सूप थांबवत नाही, तो डोळ्यांनाच दिसावा लागतो. तिनं तो नखात धरून फोडला. मग चौघींनी रास पुन्हा एकदा पसरून बघितली. आणखी तीन सापडले. यात पाऊण तास गेला. त्याचे पैसे वेगळे नाहीत.

५.१०

वजन. गोण्या युरियाच्या, धुतलेल्या. तागाच्या पोत्यातून मोहरी झिरपते. या गोण्यांनाही शिलाईपाशी भोकं असतात, तिथं चिंध्या कोंबल्या. काटा शेजाऱ्याचा. चार गोण्या भरल्या, पाचवीत उरलेली. एक क्विंटल ब्याऐंशी किलो, अर्ध्या एकरातली.

आबा मोबाइलवर आकडे करतात. २०२५-२६ च्या विपणन हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,९५० रुपये, करडईचा ५,९४०. त्या भावानं अकरा हजाराच्या आत. पण त्या भावानं घेतो कोण? नांदेडच्या नव्या मोंढ्यात सोयाबीन आणि हरभऱ्याच्या थप्प्या लागलेल्या असतात. दोन क्विंटल मोहरी घेऊन गेलेल्या माणसाला आडत्या उभ्या उभ्या भाव सांगतो. गावच्या किराण्यात जी मोहरी मिळते ती बाहेरून येते. देशातली जवळपास निम्मी मोहरी एकट्या राजस्थानात पिकते. तीच इथं शंभर-सव्वाशे रुपये किलोनं, पन्नास रुपयांच्या पाकिटात. आबांचा बेत साधा आहे. पन्नासेक किलो गावात आणि आठवडी बाजारात किलोकिलोनं, नव्वदला. लोणच्याचे दिवस येतायत, फेसायला मोहरी लागतेच. दहा किलो अहमदपूरला लाकडी घाण्यावर. तीन किलोला किलोभर तेल पडतं. खायला नाही, आईच्या गुडघ्याला. बाकीची भाव बघून.

बायकांचे पैसे. दीडशे आणि दोनशे, साडेतीनशे. नोटा मोजून दिल्या. शिवाय ठरल्याप्रमाणं प्रत्येकीला मापटंभर मोहरी. आबांच्या बायकोनं मापटं भरलं आणि वरून हात फिरवून सपाट केलं. मावशीनं तिच्याकडं बघितलं. तिनं हसत वर शीग लावली.

६.२०

डोक्यावर काडाचा भारा, हातात डबा, मोहरी पदराच्या गाठीत. दुकानात थांबली. साखर अर्धा किलो, बिस्किटाचा पुडा, तापाच्या चार गोळ्या, खोबरेल तेलाची लहान बाटली. शंभरची नोट मोडली आणि वर सतरा रुपये. लाडक्या बहिणीचे दीड हजार या महिन्याचे आलेत का, हे दुकानदारालाच विचारते. त्याच्या मोबाइलवर सगळ्या बायकांचा निरोप येतो. त्यानं मान हलवली. आले नाहीत.

७.३०

सुनेनं वरण शिजवून ठेवलंय. फोडणी मावशीची. आजची मोहरी लगेच वापरत नाही, ती दोन दिवस उन्हात जाईल. डब्यातली जुनी चिमूटभर. तेल सोयाबीनचं. तडतडली, लसूण पडला, वरण वर.

नातू मांडीवर. अंग कोमट. मावशीनं मीठ-मोहरी मुठीत घेतलं, तीनदा उतरवलं आणि चुलीत टाकलं. मिरच्या टाकल्या नाहीत. महाग झाल्यात, असं तिनं सुनेला सांगितलं. मोहरी फुटली. पोरगं आवाजाला हसलं आणि पुन्हा टाक म्हणालं. तिनं अर्धी गोळी पाण्यात विरघळवून पाजली.

८.४०

फोन वाजला. गावातल्याच दुसऱ्या मालकाचा. परवापासून हरभरा काढायचाय, दोन एकर, सात-आठ बाया पाहिजेत. रोज तीनशे.

"साडेतीनशे."

तो म्हणतो, हरभऱ्याला कुठं पहाटं यायचंय, निवांत दहाला या.

"ऊन तर आमच्याच डोक्यावर की. अन् हरभऱ्याच्या आंबीनं हाताची सालं निघतेत. साडेतीनशे."

तो म्हणतो, मशीनवाल्याला विचारतो. मावशी म्हणते, विचारा की, आणि फोन ठेवते. सुनेला ताटं घ्यायला सांगते. तिला ठाऊक आहे, यंदाचा हरभरा ठेंगणा आहे, मशीनचं पातं तेवढ्या खाली जात नाही, निम्मे घाटे रानात राहतात.

जेवण अर्ध्यावर असताना फोन पुन्हा वाजला. तिनं घास संपवला, हात पुसला, मग उचलला.

"तीनशे चाळीस. अन् चहा दोनदा."

"सरवा आमचा," मावशी म्हणाली.

पलीकडून थोडा वेळ काही नाही. मग, "बरं."

तिनं जाऊबाईचा नंबर लावला.